डाव्या पायाचं काम

अंगणात पहिला लाल डाग दिसला तेव्हा आशाबाईला वाटलं, कुत्र्यानं शेजारच्या गोकुळची कोंबडी धरली. खराटा टाकून तिनं गोठ्यामागं पिसं शोधली. पिसं कुठंच नव्हती. डागाला बोट लावलं तर बुळबुळीत लागलं आणि वास तेलाचा आला. डाग बरोबर पिकअपच्या पोटाखाली होता. कोंबडी वाचली याचा तिला काडीचा आनंद झाला नाही.

तिनं चुलीतली राख आणली, डागावर टाकली आणि खराट्यानं पसरून दिली. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी मका काढताना मळणीयंत्राच्या पट्ट्यात अप्पारावचा डावा पाय ओढला गेला होता. पाय वाचला, पण गुडघ्याखाली जोर राहिला नाही. पाऊल उचलायला जावं तर ते लोंबत मागं राहायचं. त्याआधी पंचवीस वर्षं त्यानं पिंपळखेडहून कन्नडला आणि कन्नडहून शहराला लोकांचा माल वाहिला होता. क्लच दाबायचा पायच गेल्यावर जुनी गाडी विकावी लागली आणि तो बाजेवर बसला. बाजेवरचा अप्पाराव म्हणजे आशाबाईला भेटलेला सगळ्यात वाईट माणूस. मिठावरून भांडायचा, दाराच्या कडीवरून भांडायचा. एकदा भिंतीकडं तोंड करून रडताना तिला सापडला, आणि सापडला म्हणून पुन्हा भांडला.

दीड वर्षानं मुलानंच वाट काढली. शिवराज वाळूजच्या कारखान्यात कामाला. त्यानं गारखेड्यातल्या एका ठेकेदाराची वापरलेली पिकअप शोधून आणली. हिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे, उजव्या पायानं एक दाबायचं की दुसरं, एवढंच. गावानं लगेच तिचं नाव 'स्कुटी' ठेवलं. अप्पारावला त्याचं काही वाटलं नाही. लायसनवर पायाची नोंद करून घ्यायला त्यानं चार खेपा घातल्या आणि पाचव्या दिवशी गोकुळचं अद्रक भरून तो कन्नडला गेला. त्या संध्याकाळी त्यानं जेवताना मिठाचं नावसुद्धा काढलं नाही.

पण गाडी होती शिवराजच्या नावावर. दिवाळीत बॅटरी बसून ती भर उन्हात रस्त्यावर उभी राहिली आणि अप्पाराव तीन तास एकटा अडकला. शिवराज ड्यूटी टाकून धावत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"आबा, आता पुन्हा ही रस्त्यात उभी राहिली तर मी विकणार," तो म्हणाला होता. "तुमचा पाय असा, रस्ता असा. माझं मशीनवर ध्यान राहत नाय. एखाद्या दिवशी माझा हात जाईल."

यावर भांडायला जागाच नव्हती. पोरगं खरं बोलत होतं. म्हणून आशाबाई राख पसरत होती.

तिसऱ्या दिवशी ती राख घेऊन आली तर डागावर आधीच माती ओढलेली होती. माती ओढणाऱ्याच्या एका पायाचा ठसा नीट होता आणि दुसऱ्याची नुसती रेघ. आशाबाई रेघेकडं पाहत उभी राहिली. म्हणजे यांनाही ठाऊक होतं. एकाच डागावर दोघं राबत होते आणि एकमेकांपासून चोरत होते. तिला हसू आलं आणि तिनं त्या मातीवरच राख टाकली.

त्या दुपारी अप्पाराव पोतं अंथरून गाडीखाली शिरला. शिरायला वेळ लागला नाही, निघायला लागला. आशाबाई दाराआडून बघत होती. त्याच्या हातात फवारणीच्या पंपाच्या पिवळ्या नळीचा वीतभर तुकडा होता आणि दोन पकडपट्ट्या. औषधाचा एवढा जोर जी नळी सोसते, तिला हे तेल काय जड, असा त्याचा हिशोब. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. सडलेल्या लोखंडी नळीवर त्यानं ती चढवली, पट्ट्या आवळल्या आणि मग कोपरावर सरकत, लुळा पाय हातानं ओढत बाहेर आला. आशाबाईनं जाऊन हात द्यायला हवा होता, पण हात दिला तर बघितल्याचं कळलं असतं. ती आत जाऊन उगाच डबे पुसत बसली.

दोन दिवस अंगण कोरडं राहिलं.

तिसऱ्या दिवशी गोकुळच्या अद्रकाची तीस पोती भरून दोघं निघाले. अद्रक कन्नडला धुवायला टाकायचं होतं, आशाबाई पोती मोजून घ्यायला सोबत. रोजे चालू होते, फेब्रुवारी सरत आला होता, पण ऊन असं की दार हाताला लागेना. देवीच्या मंदिरापुढच्या चढाला गाडी लागली आणि अर्ध्यावर तिचा आवाज वाढला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागेवर. मग ती हळूहळू मागं यायला लागली.

"दगड लाव!" अप्पाराव ब्रेकवर उभाच राहिला. "उतर, चाकाला दगड लाव!"

आशाबाईनं उडी टाकून चाकामागं दगड लावला. गाडीखालून धूर येत होता. मागं चढाच्या पायथ्यापर्यंत रस्त्यावर लाल पट्टा पडला होता.

अप्पारावनं इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. "नळी सुटली," तो म्हणाला. कुठली नळी, हे आशाबाईनं विचारलं नाही आणि तिनं विचारलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

गोकुळ ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या मागं दोन मोटारसायकली, नुसत्या बघायला. गोकुळनं लोखंडी साखळी काढली. "स्कुटीला किक मारून बघितली का?" असं म्हणून तो हसला, मग अप्पारावचं तोंड बघून साखळी जोडायला वाकला. माणूस वाईट नव्हता, तोंडाला कडी नव्हती एवढंच.

अप्पारावनं कन्नडच्या शफीला फोन लावला. शफी त्याचा बारा वर्षांपासूनचा मिस्त्री. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं.

"ओढू नका! अप्पाभाऊ, नक्को! मागचे चाक फिरले की गिअरबॉक्स आतून फिरतो. तेल नाय आत. घासून भुगा होईल. पहिले गिअरबॉक्सहून मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट सोडा, मग ओढा."

"कसा सोडू?"

"चार बोल्ट हायेत, मागच्या चाकांच्या मधी. चौदाचा पाना. सोडा, शाफ्ट दोरीनं वर बांधा. इंजिन चालू करायचं नाय."

गोकुळ म्हणाला त्याची कंबर धरलीये. मोटारसायकलवाले एकदम फोनमध्ये काहीतरी शोधायला लागले. अप्पाराव दार उघडून पाय खाली काढायला लागला तेव्हा आशाबाईनं त्याच्या हातातून पाना घेतला.

"मी जाते."

"आगं, लोक हायेत."

"हायेत तर हायेत. त्यांच्यानं काय व्हतंय?"

तिनं पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला आणि पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. खाली भट्टी होती. डोक्याशी गरम लोखंड, पाठीशी तापलेलं डांबर. वरून तेलाचा थेंब दंडावर पडला आणि तिनं ओठ दाबले. बाहेर फक्त माणसांच्या चपला दिसत होत्या. आपले उघडे पाय पोटऱ्यांपर्यंत त्या चपलांच्या समोर पडलेत हे तिला सारखं कळत होतं. लाज वाटत होती आणि राग येत होता, आणि रागानंच पहिला बोल्ट फिरला. दुसऱ्याला पान्यावर टाच मारावी लागली. अप्पारावनं चढावर बूड टेकून फोन गाडीखाली धरला होता, त्यातून शफी सांगत होता, "वैनी, शेवटच्याला शाफ्ट हातानं धरा, नाय तर छातीवर येईल." तिनं धरला. दोरी अप्पारावनंच आत सरकवली. बाहेर निघाली तेव्हा तिचं पाठीवरचं पोलकं काळं झालं होतं.

कन्नडपर्यंत अकरा किलोमीटर गाडी साखळीवर गेली. इंजिन बंद, म्हणून स्टेअरिंग दगडासारखं जड आणि ब्रेकला सगळा जीव लावायचा. अप्पारावची उजवी मांडी थरथरायला लागली तेव्हा आशाबाईनं ती वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. फाट्यावर कुणीतरी या वरातीचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. गाडी शफीच्या शेडपर्यंत पोचायच्या आत शिवराजचा फोन आला.

"आबा, मी फोटो बघितला."

अप्पारावनं नजर पुढच्या साखळीवरच ठेवली.

"तीन दिवसांनी मला सुट्टी हाय. नर्सरीवाला एक जण गाडी मागतोय कधीचा. त्याला घेऊन येतो. आबा, रागावू नका."

"रागवत नाय," अप्पाराव म्हणाला आणि फोन आशाबाईकडं दिला. तिनं कानाला लावेपर्यंत तो बंद झाला होता.

शफीनं गाडीखाली जाऊन सगळ्यात आधी उरलेल्या तेलाचा थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. मग एका पांढऱ्या कागदावर टेकवला. आशाबाई आणि अप्पाराव कागदाकडं असे बघत उभे, जसा डॉक्टर आता काय बोलतो म्हणून माणूस बघतो. तेल पसरलं. तांबूस पसरलं.

"काळं नाय," शफी म्हणाला. "जळका वास पण नाय. गिअरबॉक्स वाचला, अल्लाचा शुकर करा आणि वैनीचा करा. साखळीनं तसंच ओढलं असतं तर मी हात लावला नसता." मग त्याला पिवळी नळी सापडली. ती एका बाजूला मऊ होऊन फुगली होती. "ये किसने किया?"

अप्पाराव काठीच्या टोकानं जमीन उकरू लागला.

"अप्पाभाऊ, ही जोर सोसते, ताप नाय सोसत. गिअरबॉक्सचं तेल उकळतं. या एका नळीनं पुढं जाळीत जातं, थंडं होतं, दुसरीनं परत येतं. आणि या कामून सडल्या बघा." त्यानं नळ्या जिथं पट्टीनं चॅसीला धरल्या होत्या तिथं नख लावलं. ओल्या अद्रकाची खत मिसळलेली माती तिथं घट्ट बसली होती आणि खालचं लोखंड पापुद्र्यानं सुटत होतं. "तुमच्या अद्रकानंच खाल्लं."

या गाडीच्या तयार नळ्या मागवायला पंधरा दिवस लागणार होते. शफीकडं दुसरा मार्ग होता. वाळूजला कारखान्यांच्या यंत्रांसाठी गरम तेलाच्या नळ्या मापानं बनवून, टोकं दाबून देणारी दुकानं होती. पण रोज्यात, त्यात दोन गाड्या उघडून ठेवलेल्या, तो जाऊ शकत नव्हता. अप्पारावचा पाय अकरा किलोमीटरनंतर टेकत नव्हता.

"मी जाते," आशाबाई दिवसात दुसऱ्यांदा म्हणाली.

शफीनं दोन्ही सडक्या नळ्या काढून दिल्या, आणि एक सुतळी गाडीखाली जशी नळी जाते तशी फिरवून दोन नळ्यांच्या लांबीची खूण म्हणून सुतळीला दोन गाठी मारल्या. "लंबी गाठ एक, छोटी गाठ एक. दोन्ही मापावर चार बोटं जास्ती. तंग बसली तर लोखंडाला घासून परत फाटेल. आणि दुकानवाल्याला एकच बोलायचं, तापलेलं तेल हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत ती नळ्या मांडीवर घेऊन बसली. वर्तमानपत्रातून तेल झिरपून शेजारणीच्या साडीला लागलं आणि वेरूळपर्यंत तिचं ऐकून घ्यावं लागलं. शहरात उतरून तिनं वाळूजची बस धरली. दुकानदारानं आधी बाईकडं, मग नळ्यांकडं पाहिलं आणि आतून काळी नळी काढून आणली.

"ही बसंल."

"तापलेलं तेल हाय," आशाबाई म्हणाली.

"चालतंय की."

"किती तापलेलं चालतंय? ह्यावर लिहिलंय का?"

दुकानदारानं नळी फिरवून अक्षरं वाचली, मग आत गेला आणि दुसरी घेऊन आला. आशाबाईला अक्षरं वाचता आली नसती, इंग्रजी होती. पण तो आत गेला यातच तिला कळलं.

नळ्या तयार व्हायला दुपार झाली. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि समोरून पाळी सुटलेल्या मोटारसायकलींचा लोंढा निघाला. शिवराजचा कारखाना दोन चौक पलीकडं होता. पोराला पाहून महिना झाला होता. हाक मारली असती तर त्यानं जेवू घातलं असतं, बसमध्ये बसवून दिलं असतं. एका निळ्या हेल्मेटवाल्याचे खांदे तसेच वाटले आणि आशाबाईनं पदर नाकापर्यंत ओढून तोंड फिरवलं. आपल्याच लेकरापासून तोंड लपवलं याचं तिला इतकं वाईट वाटलं की परतीच्या एसटीत तिनं डबा उघडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी शफीनं काम धरलं. अद्रकाची पोती गोकुळनं आधीच उतरवून नेली होती. शफीनं पुढची जाळी धुऊन काढली, शाफ्ट जागेवर चढवला आणि नळ्या बसवल्या. त्या लोखंडाला लागत होत्या तिथं त्यानं जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. मग लाल तेल. अप्पारावला सीटवर बसवलं आणि शफी सांगेल तसा तो गिअरचा दांडा पुढं-मागं करत होता, प्रत्येक जागी पाच श्वास थांबत होता. आशाबाई तेलाची मोजपट्टी काढून पुसत होती, पुन्हा घालत होती. सहाव्यांदा तेल खुणेवर आलं.

"आता नुसतं बघायचं," शफी म्हणाला. गाडीखाली त्यानं आपलं जुनं पांढरं फडकं अंथरलं, इंजिन चालू ठेवलं आणि तिघं शेडच्या पायरीवर बसले. शफीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. सूर्य कलत होता.

"राख मी टाकत होते," आशाबाई एकदम म्हणाली.

"ठाव हाय मला," अप्पाराव म्हणाला. "मातीत राख मिसळलेली दिसत नाय व्हय?"

"मग बोलले कामून नाय?"

"तू कामून बोलली नाय?"

शफी दोघांकडं बघून मान हलवत राहिला. अजान झाली. त्याच्या बायकोनं, ताहेरानं खजूर आणि सरबताचं तबक पाठवलं होतं. शफीनं पहिला खजूर तोंडात टाकला, उरलेले दोन या दोघांच्या हातावर ठेवले आणि मग वाकून गाडीखालचं फडकं ओढलं. ते कोरडं होतं.

चौथ्या दिवशी शिवराज आला. एकटाच. नर्सरीवाला दुपारनंतर येणार होता. त्यानं आईच्या दंडावरचा भाजल्याचा डाग पाहिला. गाडीला चक्कर मारली, खाली वाकून नव्या नळ्या पाहिल्या.

"चला आबा, एक चक्कर मारू. गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते कळायला पाहिजे."

किल्ली त्यानंच घेतली. अप्पाराव काठी टेकत डाव्या दारानं चढला. अडीच वर्षांत तो या बाजूला कधी बसला नव्हता.

गावाबाहेर शेळ्या आडव्या आल्या. शिवराजचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला पुढं झाला आणि रुंद ब्रेकवर आदळला. गाडी जागच्या जागी थांबली, अप्पारावचं कपाळ काचेला लागलं.

"लागलं का आबा?"

"चल."

पुढच्या वळणावर तेच. वेग कमी करायला गेला आणि डावा पाय पुन्हा धावला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं शिवी घातली. शिवराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारखान्यात तो रोज एवढाली यंत्रं चालवत होता.

"डावा पाय मागं घे," अप्पाराव हळू म्हणाला. "सीटखाली दुमड. हिच्यात त्याला काम नाय."

शिवराजनं पाय दुमडला. तरी तो सारखा पुढं यायला बघायचा, आणि शिवराज त्याला मांडी आवळून धरायचा. आता गाडी शहाण्यासारखी चालली. मंदिरापुढचा चढ आला. डांबरावर लाल पट्टा अजून पुसट दिसत होता. गाडी न थबकता वर गेली. माथ्यावर शिवराजनं ती बाजूला घेतली आणि दार उघडून खाली उतरला, तर दुमडलेल्या पायाला मुंग्या आलेल्या. पाऊल टेकेना. दाराला धरून तो एका पायावर उभा राहिला.

अप्पाराव आतून बघत होता. हसला नाही. "होतं तसं," तो म्हणाला. "जरा थांब. तुझं येईल परत."

हे ऐकून शिवराजला जे झालं ते त्याला पुढं कधी कुणाला सांगता आलं नाही. त्यानं वडलांचा पाय असा कधी बघितलाच नव्हता. बघितली होती ती आपली काळजी. तो लंगडत गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आला आणि दार उघडून धरलं.

"तुम्ही घ्या आबा."

अप्पाराव उतरला, बॉनेटवर हात टेकत पलीकडं गेला आणि चढून बसला. शिवराजच्या खिशात फोन वाजला. नर्सरीवाला निघाला होता, पत्ता विचारत होता.

"येऊ नका," शिवराज म्हणाला. "नाय, बिघाड नाय काही. गाडीला घरचा ड्रायव्हर हाय."

अंगणात आशाबाई कधीची उभी होती. हातात सुपली, सुपलीत राख. गाडी वळणावर आली तेव्हा तिनं आधी उजवीकडची काच पाहिली. आत कोण बसलंय ते दिसलं आणि तिचे डोळे भरून आले.

गाडी उभी राहिली. शिवराज उतरला आणि सरळ मातीत गुडघे टेकून खाली वाकला. बराच वेळ बघितलं, हात फिरवला, बोटं वर करून आईला दाखवली. नुसती धूळ होती.

"माय, ती राख कशाला?"

"भांडी घासायला," आशाबाई म्हणाली आणि सुपली घेऊन मोरीकडं गेली.